चित्रकाचे समुद्राकाठचे आप्त

गेल्या जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवड्याच्या समारोपासाठी आमच्या महाविद्यालयात आलेले वक्ते निघताना आपला पुष्पगुच्छ टेबलावरच विसरून गेले. गुच्छात तळेगावकडच्या हरितगृहांतले लाल गुलाब होते आणि त्यांच्या आजूबाजूला भरीला घातलेली, कागदासारखी कुरकुरीत, जांभळी बारीक फुले होती. गुलाब चार दिवसांत माना टाकून गेले. जांभळी फुले मात्र मराठी विभागाच्या कपाटावर एका रिकाम्या बरणीत पावसाळ्यापर्यंत तशीच राहिली. रंग गेला नाही की पाकळी गळली नाही. वनस्पतिशास्त्र विभागातील आमच्या सहकाऱ्यांनी खुलासा केला, तो असा : ज्याला तुम्ही पाकळ्या म्हणता त्या पाकळ्या नाहीतच. खरे फूल इवलेसे, पांढरे, ते केव्हाच सुकून गेले. रंग आहे तो त्याच्या बाहेरच्या निदलपुंजाचा. फूलबाजारात याला स्टॅटिस म्हणतात, शास्त्रात लिमोनियम. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरची ही वनस्पती. इंग्रजीत तिच्या साऱ्या गोताला ‘सी लॅव्हेंडर’ म्हणतात. आणि कुळ? कुळ आपल्या चित्रकाचे.

या शेवटच्या वाक्याने आम्ही दोघेही थबकलो. चित्रक आम्हांला ठाऊक होता तो चित्रकादि वटीतला आणि आमच्याच आवाराच्या मागे, ओढ्यालगतच्या कुंपणात पांढऱ्या फुलांनी अंग टाकून पसरलेला. त्याचा आणि समुद्राचा काय संबंध? या प्रश्नाचा माग घेत आम्ही जी पुस्तके चाळली, ती मराठीच्या अध्यापकांनी सहसा न चाळण्याची. हा लेख त्या वाचनातून निघाला. तो वनस्पतीविषयी आहे त्याहून अधिक, एखाद्या भूभागाचे पुस्तक कसे लिहिले जाते याविषयी आहे.

आधी नावाचा गुंता सोडवलेला बरा. ‘सी लॅव्हेंडर’ ही लॅव्हेंडर नव्हे. खरी लॅव्हेंडर तुळशीच्या कुळातली. आणि गंमत अशी की ती खरी लॅव्हेंडर सह्याद्रीत रानात उगवते. तिच्या एका जातीचे शास्त्रीय नाव लॅव्हेंड्युला गिब्सोनाय असे असून त्यातले गिब्सन हे गृहस्थ पुढे या लेखात भेटणारच आहेत. म्हणजे जिला लॅव्हेंडर म्हणतात ती लॅव्हेंडर नव्हे, ती गुच्छात बसून तालुक्याच्या गावाला येते. आणि जी आहे ती डोंगरावर उभी असून तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. असो. लिमोनियम या नावाच्या मुळाशी कुरणाला असलेला ग्रीक शब्द आहे. चित्रकाच्या प्लंबॅगो या नावात लॅटिनमधले शिसे आहे. दोघांना एका कुळात आणणारी खूण मात्र नावात नसून पानावर आहे. या कुळातल्या वनस्पतींच्या पानांवर सूक्ष्म ग्रंथी असतात. किनाऱ्यावरच्या खाऱ्या चिखलात लिमोनियमची मुळे पाण्याबरोबर मीठही ओढून घेतात. ते जादा मीठ या ग्रंथींतून बाहेर टाकले जाते आणि पानावर त्याचे कण दिसतात. चित्रकाला घाटमाथ्यावर मीठ कुठून मिळणार? तिथल्या पावसात जमिनीतले होते-नव्हते क्षारही धुऊन जातात. तरीही ग्रंथी आहेत, आणि चित्रकाच्या पानामागे खडूच्या भुकटीसारखे पांढरे कण साठलेले सापडतात. त्याच्या निदलपुंजावर आणखी वेगळे, चिकट केस असतात. फळ त्यांच्या जोरावर गुराच्या अंगाला किंवा बाईमाणसाच्या लुगड्याला चिकटून पुढच्या गावाला जाते.

आता रानटी सी लॅव्हेंडर. कोकणच्या किनाऱ्यावर ती आम्हांला कोणत्याही यादीत आढळली नाही. तिथे खाऱ्या मातीत उगवणाऱ्यांची मराठी नावे भरपूर आहेत : तिवर, चिपी, कांदळ, मारांडी, मर्यादावेल, भाजीची मोरस. त्यांत हिला नाव नाही, कारण नाव ठेवायला ती समोर नव्हती. ती आहे उत्तरेला, कराचीच्या किनाऱ्यावर आणि इकडे कच्छ-सौराष्ट्रात. तिचे नाव लिमोनियम स्टॉक्साय. जिनिव्हाच्या एदमाँ बॉसिए या वनस्पतिज्ञाने १८४८ मध्ये तिला स्टॅटिस या प्रजातीत घालून नाव दिले, ते जॉन एलर्टन स्टॉक्स या तरुण डॉक्टरच्या सन्मानार्थ. १८९१ मध्ये ऑटो कुंट्झने तिला लिमोनियममध्ये हलवले. स्टॉक्स मुंबई सरकारच्या वैद्यकीय सेवेत होता आणि सिंधमध्ये देवी टोचण्याच्या कामावर नेमलेला होता.

इथे दोन सनावळ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. इंग्रजांनी सिंध जिंकला १८४३ मध्ये. चार वर्षे तो स्वतंत्रपणे चालवून १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला. पुढच्याच वर्षी कराचीकडच्या या फुलाला युरोपात नाव मिळाले. म्हणजे कराचीची सी लॅव्हेंडर आणि खंडाळ्याचा चित्रक यांना एका सरकारखाली येऊन वर्ष उलटते न उलटते तोच तिचे बारसे झाले. पुढे थिओडोर कुकने १९०१ ते १९०८ या काळात ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा आपला प्रसिद्ध ग्रंथ भागाभागांनी छापला, त्यातही सिंध अर्थातच होता. चित्रककुलाच्या छोट्याशा प्रकरणात कराचीचा किनारा, गुजरात-सिंधचे कोरडे खडक आणि सह्याद्रीची झुडपे अशी तीन भूमींची माणसे एकत्र बसलेली दिसतात. त्यांना एकत्र कुणी आणले? निसर्गाने कुळ एक केले हे खरे; पण एका मुखपृष्ठाखाली आणले ते गव्हर्नराच्या नकाशाने.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटावा. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारातली मराठी नाटके आपल्या ग्रंथात घेतो, आणि पुण्या-मुंबईत राहून दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्याला सोडून देतो. त्याची सीमा भाषेची आहे. ‘फ्लोरा’ लिहिणाऱ्यापुढे भाषा नसते, म्हणून तो जमिनीची सीमा घेतो. आणि जमिनीची सीमा तर त्याला तयारच मिळालेली असते. १९३६ मध्ये सिंध मुंबईपासून वेगळा झाला. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य झाले आणि सौराष्ट्र व कच्छ त्यात आले. तेव्हा द्वारकेकडची सी लॅव्हेंडर आणि मावळातला चित्रक पुन्हा एका राज्यात नांदू लागले. चार वर्षांनी, १९६० मध्ये, तेही संपले. याच मधल्या काळात, १९५८ मध्ये, कुकच्या ग्रंथाची नवी आवृत्ती कलकत्त्याहून निघाली आणि तिच्यावर नाव जुन्या इलाख्याचेच राहिले. आज ‘महाराष्ट्राची वनस्पती’ म्हणून जे सरकारी खंड निघाले आहेत, त्यांची चौकट १ मे १९६० ची आहे. आमच्यापैकी एकाला यात काही गैर वाटत नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागते असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्याला वाटते की रेघ ओढावी, पण ती कुणी ओढली हे वाचकाला सांगावे. या वादाचा निकाल लागलेला नाही.

नकाशा मोठा असला तरी माणूस पायीच चालतो. म्हणून या साऱ्या ग्रंथांमध्ये मावळ कुठे आहे हे शोधू लागलो, तेव्हा प्रथमच एक थडगे आडवे आले. मुंबईच्या वनस्पतींची पहिली मोठी यादी, ‘अ कॅटलॉग ऑफ द प्लांट्स ग्रोइंग इन बॉम्बे अँड इट्स व्हिसिनिटी’, १८३९ मध्ये छापली गेली. तिचा कर्ता जॉन ग्रॅहॅम हा डाकखात्यातला अधिकारी. जन्म स्कॉटलंडमधला, १८०५ सालचा. पुस्तकाची छपाई चालू असतानाच तो अल्पशा आजाराने वारला आणि तो वारला खंडाळ्यात, मे १८३९ मध्ये. उरलेला मजकूर जोसेफ निम्मो याने पुरा केला. ज्या पुस्तकापासून पश्चिम भारताच्या आधुनिक वनस्पतिनोंदीचा आरंभ मानता येईल, त्याचा लेखक चौतिसाच्या आत बाहेर असताना आमच्या तालुक्याच्या मातीत गेला, हे आम्ही इतकी वर्षे त्याच रस्त्याने ये-जा करून ऐकले नव्हते.

तो रस्ताही त्या वेळी नवा होता. बोरघाटातला गाडीरस्ता गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये खुला झाला. ग्रॅहॅमसारख्यांना खंडाळा गाठणे शक्य झाले ते त्यामुळे. रेल्वे आली ती आधी वरच्या बाजूला : पुणे ते खंडाळा गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, पण घाटातला चढ पुरा व्हायला १८६३ उजाडले. मधली पाच वर्षे उतारू खोपोली ते खंडाळा हे अंतर पालखीत, घोड्यावर किंवा पायी चढत. वनस्पती गोळा करणाऱ्यासाठी याहून चांगली वाहतूक नाही. आज द्रुतगती मार्गावरून तोच घाट काही मिनिटांत संपतो आणि खिडकीतून दिसतो तो नुसता हिरवा रंग.

मावळच्या दुसऱ्या टोकाला, पुण्याच्या वेशीवर दापोडी आहे. इंग्रजी कागदांत ती ‘दापुरी’ झाली. माल्कमने १८२८ मध्ये तिथला बंगला गव्हर्नरासाठी घेतला आणि त्याला जोडून सरकारी वनस्पतिबाग निघाली. १८३८ पासून तिचा अधीक्षक होता अलेक्झांडर गिब्सन. वर उल्लेखिलेल्या लॅव्हेंडरला ग्रॅहॅमने ज्याचे नाव दिले, तो. गिब्सनही मूळचा डॉक्टर, आणि त्याआधी दख्खन-खानदेशात देवी टोचण्याच्या कामावर फिरलेला. स्टॉक्स सिंधमध्ये, गिब्सन इकडे. दोघांचा पेशा तोच. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. देवी टोचणाऱ्याला गावोगाव, वाडीवस्तीवर जावे लागे, मुक्काम करावा लागे, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलावे लागे. झाडांची नावे आणि उपयोग कानी पडायला दुसरी कोणती नोकरी इतकी सोयीची होती? १८४७ मध्ये गिब्सन इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. तो रजेवर असताना त्याचा कार्यभार पाहिला तो स्टॉक्सनेच. सी लॅव्हेंडरवाला सिंधचा डॉक्टर अशा रीतीने दापोडीच्या बागेचाही काही काळ कारभारी झाला. मायदेशी परतल्यावर १८५४ मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना तो वारला. गिब्सन आणि डाल्झेल यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये निघाला. दापोडीची बाग १८६५ च्या सुमारास मोडली. गव्हर्नराचा मुक्काम गणेशखिंडीत गेला आणि बागही पुढे तिकडेच गेली.

दापोडीच्या बागेत १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराने वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रे काढली. ती आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानात आहेत आणि हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर ‘द दापुरी ड्रॉइंग्ज’ हे देखणे पुस्तक केले. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच कळते. नाव नाही. चित्रे मागवणाऱ्याचे नाव आहे, बागेचे आहे, प्रत्येक वनस्पतीचे तर दोन-दोन शब्दांत आहे. ज्याच्या हाताने पानाची शीर कागदावर उतरली त्याचे तेवढे नाही.

याच्या उलट एक उदाहरण कुकच्या ग्रंथात सापडले आणि त्याने आम्हांला खरोखर आनंद झाला. कुक मूळचा अभियंता. १८६५ पासून पुण्याच्या अभियांत्रिकी, पुढे विज्ञान महाविद्यालय झालेल्या संस्थेचा प्राचार्य. त्याच्या नोंदींची भाषा कोरडी आणि आखीव आहे : झुडूप की वेल, पान किती लांब, फूल कसे. मग स्थळे, आणि स्थळापुढे ते झाड तिथून आणणाऱ्याचे नाव. या नावांत डाल्झेल, स्टॉक्स, वुड्रो आहेत, तसेच कानिटकर, भिवा, गराडे अशीही नावे येतात. भिवा! आडनाव नाही, पदवी नाही, ‘राजश्री’ नाही. आणि त्या नावापुढे उद्गारचिन्ह. पहिल्यांदा आम्ही ते आश्चर्याचे समजलो. वनस्पतिग्रंथांत त्याचा अर्थ वेगळा असतो : या माणसाने आणलेला नमुना ग्रंथकाराने स्वतः पाहिला आहे. आमच्या विषयात उद्गारचिन्ह भावनेचे, बहुधा वाया घालवलेले. इथे ते साक्षीचे आहे. एखाद्या मजकुरात लेखकाने दुसऱ्याचे ऋण याहून थोड्या शाईत मान्य केलेले आम्ही पाहिलेले नाही. तरीही हे ऋण आणणाऱ्याचेच राहते. ज्याने वाट दाखवली, ज्या बाईने ‘ते तिकडं ओढ्याच्या अंगाला आहे’ म्हणून सांगितले, तिच्यापर्यंत उद्गारचिन्ह पोचत नाही.

नोंदीच्या शेवटी कुक देशी नावे देतो. ‘चित्रक’, ‘कारवी’, असे शब्द रोमन अक्षरांत, तिरपे, एका संक्षेपापुढे उभे असतात. आम्ही विद्यार्थ्यांना मोल्सवर्थचा कोश उघडायला सांगतो, पण मराठी शब्दांचा असाच एक विखुरलेला कोश या इंग्रजी ग्रंथांच्या तळटोकाला पडून आहे, हे सांगत नाही. कारण आम्हांलाच ठाऊक नव्हते.

इलाख्याचा पसारा सोडून एकाच जागेवर बसलेले पुस्तक आले ते १९५३ मध्ये. फादर एर्मेनेगिल्द सांतापाव हे कॅटलोनियात १९०३ मध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू. १९४० पासून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या आधी तिथेच स्विस फादर ब्लॅटर यांनी वनस्पतिसंग्रह उभारला होता. त्या संग्रहाला आज ब्लॅटरांचेच नाव आहे. ब्लॅटरांनी १९०५ मध्ये मुंबई इलाख्याच्या खारफुटीवर लिहिले होते. गुरूस्थानी असलेल्याने खाडीचा चिखल तुडवला, सांतापाव घाट चढले. त्यांचा ‘द फ्लोरा ऑफ खंडाळा ऑन द वेस्टर्न घाट्स ऑफ इंडिया’ भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या मालिकेत निघाला आणि सुधारत सुधारत १९६७ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती झाली.

आमचे मत स्पष्टच सांगतो : वरच्या साऱ्या ग्रंथांत वाचक म्हणून आम्हांला हे पुस्तक सर्वांत विश्वासार्ह वाटले. त्याची व्याप्ती लहान आहे म्हणून नव्हे, तर ती व्याप्ती लेखकाच्या पायांनी ठरवली आहे म्हणून. पुणे जिल्हा, मावळ तालुका, मुंबई राज्य यांपैकी कोणतीच सीमा त्याची नाही. एका माणसाला वर्षानुवर्षे, वेगवेगळ्या ऋतूंत, पुन्हा पुन्हा जाऊन जेवढे डोंगर पाहता आले, तेवढे ‘खंडाळा’. कुठले झाड कोणत्या महिन्यात फुलते, कोणत्या महिन्यात फळते, हे त्यात आहे. आणि ते एका फेरीत कळत नाही. कारवीचे तर बारा महिन्यांनीही कळत नाही. ती कित्येक वर्षे नुसती वाढते, एका पावसाळ्याच्या शेवटी सारा डोंगर जांभळा करते आणि मरते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. सांतापावांनी कारवीच्या कुळावर १९५१ मध्ये स्वतंत्र प्रबंधही लिहिला. ज्याला कारवीविषयी लिहायचे आहे त्याला एकाच जागी म्हातारे व्हायची तयारी ठेवावी लागते.

पण सांतापावही एका जागी राहू शकले नाहीत. १९५४ मध्ये सरकारने भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची पुनर्रचना केली आणि त्यांना तिच्या प्रमुखपदी बोलावले. पुण्याची पश्चिम विभागाची शाखा १९५५ मध्ये, त्यांच्याच काळात निघाली. आणि मग १९६२ मध्ये राजकोटहून त्यांचे ‘फ्लोरा ऑफ सौराष्ट्र’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या हातांनी चित्रकाच्या डोंगराची नोंद केली तेच हात सी लॅव्हेंडरच्या किनाऱ्याच्या प्रदेशाकडे वळले होते. दोन्ही राज्ये तोवर वेगळी झाली होती. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जानेवारी १९७० मध्ये ते वारले.

या पुस्तकाच्याच दशकात मराठीत काय चालले होते? गो. नी. दांडेकर ‘पवनाकाठचा धोंडी’ लिहून तुंग-तिकोन्याच्या पायथ्याचे मावळ कादंबरीत आणत होते. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे. खंडाळ्याच्या डोंगरात एक परदेशी फादर महिन्यांमागून महिने झाडांचे फुलणे टिपतो आहे आणि मराठीतली एक विदुषी बारा महिन्यांच्या निसर्गावर ललित गद्य लिहिते आहे. ही दोन्ही कामे एका राज्यात, एका दशकात झाली. आमच्या अभ्यासक्रमात एक आहे, दुसऱ्याचा उल्लेखही नाही. दोन्ही एकत्र वाचायला हवीत असे आता वाटते. विज्ञान आणि साहित्य यांच्यामधला हा पडदा पूर्वी इतका जाड नव्हता. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचे उदाहरण घ्या. मराठी कवितेचा इतिहास त्यांना टेनिसनच्या काव्यावरून ‘इंदिरा’ रचणारे कवी म्हणून एका ओळीत ओळखतो. वनस्पतिशास्त्र त्यांना ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ या १९१८ च्या ग्रंथाचे सहकर्ते म्हणून. एकाच माणसाचे हे दोन अर्धे आपापल्या विभागात आहेत. आमच्या महाविद्यालयात या दोन विभागांच्या मध्ये एक जिना आहे.

चित्रकाकडे परत यायला हवे, कारण त्याच्याविषयीचे बरेच ज्ञान या ग्रंथांच्या बाहेर राहिले. अमरकोश त्याला अग्नीची सारी नावे बहाल करतो. हे अलंकारिक नाही. मूळ ठेचून कातडीला लावले तर फोड येतो, भाजल्यासारखाच. वैद्य ते शोधून, अल्प मात्रेत, भूक प्रदीप्त करण्यासाठी वापरतात. वामन गणेश देसाई यांच्या ‘ओषधिसंग्रहा’सारख्या मराठी ग्रंथांत ही परंपरा नोंदलेली आहे. पण आणखी एक परंपरा होती जी मराठीत सहसा लिहिली गेली नाही. चित्रकाच्या मुळाने गर्भ पडतो हे बायकांना माहीत होते. ते लिहून ठेवले एकोणिसाव्या शतकातील न्यायवैद्यकाच्या इंग्रजी पुस्तकांनी, आणि लिहिले ते गुन्हा म्हणून. एखाद्या विधवेचा जीव गेला, प्रेत सरकारी डॉक्टरपुढे आले, की मग त्या झाडाचे लॅटिन नाव कागदावर चढे. वाचली तिची नोंद अर्थातच कुठे नाही.

हे आम्हांला पुस्तकांतून कळण्याआधी एका विद्यार्थिनीकडून कळले. पवन मावळातल्या एका गावाहून येणारी, द्वितीय वर्ष कला शाखेतली मुलगी. कुंपणातला चित्रक दाखवून आम्ही वर्गाला त्याची समुद्राकाठची सोयरीक सांगत होतो, तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे याला चित्रमूळ म्हणतात. आजी हात लावू द्यायची नाही.” का, ते तिने सर्वांसमोर सांगितले नाही. नंतर विभागात येऊन सांगितले. तिच्या आजीला हे मूळ कुठल्या महिन्यात काढायचे, किती काळ शेणात किंवा चुन्याच्या पाण्यात ठेवायचे, किती दिले तर पोटदुखी थांबते आणि किती दिले तर काय होते, हे सारे ठाऊक होते. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. नातीला आठवत होते ते एवढेच, की ती ‘हात लावू नको’ म्हणायची आणि कपड्याला चिकटलेली फळे एकेक करून स्वतःच्या नखाने काढायची.

वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी त्या फांदीचा नमुना दाबून, वाळवून, कागदावर चढवून दिला. त्याच कागदाच्या कोपऱ्यात, त्यांच्या शास्त्राच्या नियमांना न जुमानता, आम्ही गुच्छातली स्टॅटिसची एक काडी टाचून घेतली आहे. नमुन्याखाली चिठ्ठी असते : नाव, कुळ, स्थळ, तारीख, संकलक. स्थानिक नावाच्या रकान्यात ‘चित्रमूळ’ लिहिले गेले. संकलकाच्या रकान्यात मुलीने आजीचे नाव लिहिले. सहकाऱ्यांनी हरकत घेतली. ज्याने झाड तोडले त्याचेच नाव तिथे येते, नाहीतर नोंद खोटी ठरते, असे त्यांचे म्हणणे, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे. आमच्यापैकी एकाने त्यांची बाजू घेतली, दुसऱ्याने मुलीची. रकाना अजून पेन्सिलीनेच भरलेला आहे.